व्हेंटिलेटर मोजले, परिचारिका मोजायच्या राहिल्या

२३ मार्च २०२० रोजी इस्लामपुरातील एकाच कुटुंबातील, परदेशातून परतलेल्या चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. महिना संपेपर्यंत रुग्णांची संख्या पंचविशीला पोहोचली आणि मुंबई-पुण्याकडे लागलेले राज्याचे डोळे वाळवा तालुक्यातील या गावाकडे वळले. २०११ च्या जनगणनेनुसार इस्लामपूरची लोकसंख्या सुमारे ६७ हजार. एवढ्याशा गावात एका आठवड्यात इतके रुग्ण सापडल्यावर काय होणार, अशी धास्ती सर्वांनाच होती. प्रशासनाने तो भाग बंद केला, संपर्कात आलेल्यांना शोधून वेगळे ठेवले, घरोघरी तपासणी केली. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी परतले होते आणि 'इस्लामपूर पॅटर्न' हा शब्द सरकारी बैठकांत रूढ झाला होता. शहराचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. साथीच्या इतिहासात मात्र ते इस्लामपूर म्हणूनच नोंदले गेले आहे.

हे कौतुक रास्तच होते. पण ते साथ रोखण्याच्या कामाचे कौतुक होते, हे पुढे विसरले गेले. या रुग्णांवर उपचार इस्लामपुरात झाले नाहीत. ते सुमारे ४५ किलोमीटरवरील मिरजेच्या शासकीय रुग्णालयात झाले. सुरुवातीच्या नमुन्यांची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. रुग्णांपैकी बहुतेकांची लक्षणे सौम्य होती. फुप्फुसे निकामी होऊ लागलेला, मिनिटाला तीस-पस्तीस वेळा श्वास घेणारा, बोलताना वाक्य पुरे करू न शकणारा रुग्ण तालुक्याच्या रुग्णालयात आला तर काय करायचे, या प्रश्नाची परीक्षा त्या वेळी झालीच नाही. ती २०२१ च्या उन्हाळ्यात झाली. राज्याच्या बहुतांश भागात दुसरी लाट ओसरली, तरी सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत ती रेंगाळली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने निर्बंध शिथिल केले, तेव्हा ज्या अकरा जिल्ह्यांना सवलत नाकारली गेली त्यांत हे तिन्ही जिल्हे होते.

त्या काळात रोज संध्याकाळी प्रसिद्ध होणाऱ्या आकडेवारीत खाटा किती, त्यांपैकी ऑक्सिजनच्या किती आणि व्हेंटिलेटर किती, एवढे तीन आकडे असत. चौथा आकडा नसे. त्या खाटांशेजारी रात्री तीन वाजता कोण उभे आहे, हा तो आकडा.

फुप्फुसांना तीव्र इजा होऊन रक्तातील प्राणवायू झपाट्याने घसरण्याच्या अवस्थेचे वर्णन वैद्यकशास्त्रात प्रथम १९६७ साली झाले. फ्ल्यू, न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, गंभीर अपघात अशा अनेक कारणांनी ही अवस्था ओढवते. कोरोना हे त्यांतले एक. या अवस्थेवर अमुक एक रामबाण औषध नाही. फुप्फुसांची सूज ओसरेपर्यंत रुग्णाला तगवून धरणे हाच उपचार असतो, आणि त्याला कित्येकदा दोन-तीन आठवडे लागतात. यंत्राने फुप्फुसांत कमी हवा भरावी, असे २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. नेहमीच्या निम्म्या हवेवर ठेवलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. हा लाभ महागड्या यंत्राने झाला नव्हता. यंत्र तेच होते. ते कसे लावायचे आणि तासातासाला कसे पाहायचे, एवढेच बदलले होते.

त्याहून बोलके उदाहरण २०१३ सालचे आहे. फ्रान्स आणि स्पेनमधील अतिदक्षता विभागांत अशा ४६६ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना रोज सलग सोळा तास पालथे झोपवले, उरलेल्यांना नेहमीप्रमाणे उताणे ठेवले. उताण्या रुग्णांपैकी सुमारे ३३ टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावले. पालथ्या रुग्णांत हे प्रमाण १६ टक्के होते. मृत्यू निम्म्यावर आणणाऱ्या या उपचाराला औषध लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. माणसे लागतात. बेशुद्ध रुग्णाच्या घशातील नळी, मानेतील शिरेची नळी, लघवीची नळी यांना धक्का न लावता त्याला पालथे करायचे तर चार-पाच प्रशिक्षित जण एकाच वेळी हजर असावे लागतात. सोळा तासांनी पुन्हा तितकेच जण हवेत. मधल्या वेळात डोळ्यांवर, गालांवर, गुडघ्यांवर दाब येऊन जखमा होणार नाहीत, हे पाहणारे कोणी तरी हवे. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असे मानक आपल्याकडेही सांगितले जाते. तालुक्याच्या गावात पाळीला दोन परिचारिका आणि एक कक्षसेवक एवढेच मनुष्यबळ असेल, तर हा उपचार पुस्तकातच राहतो.

नातेवाइकांचे न मोजलेले काम

सरकारी रुग्णालयात आतापर्यंत हे भागले कसे, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि कोणीही ते कागदावर मांडत नाही. रुग्णाजवळ बसलेला नातेवाईक हाच आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतील बिनपगारी कर्मचारी आहे. तो पाणी पाजतो, कूस बदलतो, शौचाचे भांडे देतो, घसरलेला ऑक्सिजनचा मास्क नीट बसवतो, सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारतो, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन देतो. कोरोनाच्या साथीत संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना कक्षाबाहेर काढण्यात आले. ते आवश्यक होते. पण ते करीत असलेले काम आता कोण करणार, हे कोणी ठरवले नाही.

त्याचे सर्वांत भीषण उदाहरण जळगावात घडले. जून २०२० मध्ये तेथील शासकीय रुग्णालयातून एक ८२ वर्षांची कोरोनाबाधित महिला बेपत्ता असल्याची तक्रार झाली. आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टरांना निलंबित करण्यात आले, चौकशी झाली, विधिमंडळापर्यंत हा विषय गेला. निलंबनाने संताप शमला असेल. पण स्वच्छतागृहापर्यंत आधार देऊन नेणारे आणि परत आणणारे माणूस त्या कक्षात का नव्हते, हा प्रश्न व्यक्तींच्या निलंबनापाशी संपत नाही. प्राणवायू कमी झालेल्या रुग्णाला दहा पावले चालणेही झेपत नाही. मास्क काढून तो स्वच्छतागृहात गेला की काही मिनिटांत त्याची शुद्ध हरपू शकते. अशा रुग्णाला जागेवरच भांडे देणे हा उपचाराचाच भाग आहे. त्याला 'किरकोळ काम' म्हणणाऱ्यांनी अशा कक्षात एक रात्र काढून पाहावी.

राज्यातील सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश मंजूर पदे रिक्त असल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालातून पुढे आले. यात मंजूर पदे पुरेशी आहेत का, हा मुद्दाच वेगळा. साथीच्या काळात कंत्राटी पद्धतीने घेतलेल्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि कक्षसेवकांना साथ ओसरताच कमी करण्यात आले. व्हेंटिलेटर हाताळायला, रुग्णाला पालथे करायला जे हात दोन वर्षांत शिकले होते, ते हात पुन्हा बाहेर गेले. यंत्रे मात्र मागे राहिली, कारण ती साठा नोंदवहीवर चढलेली असतात.

यंत्रांचीही कथा सरळ नाही. केंद्राकडून मराठवाड्याला मिळालेल्या व्हेंटिलेटरचा वाद मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. बरीचशी यंत्रे सदोष असल्याचे स्थानिक डॉक्टरांचे म्हणणे होते. केंद्र सरकारने ते अमान्य करून यंत्रे नीट हाताळली गेली नसल्याचा मुद्दा मांडला. दोष कोणाचा, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उघड होते. यंत्र बसवून देणारा, त्याची दुरुस्ती करणारा आणि कर्मचाऱ्यांना ते शिकवणारा जैववैद्यकीय अभियंता जिल्ह्यात हाताशी नसेल, तर चांगले यंत्रही बंदच पडून राहते.

सिलिंडरचे गणित

प्राणवायूचा हिशेब एकदा स्वच्छ मांडून पाहायला हवा. रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या मोठ्या, म्हणजे जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. गंभीर रुग्णाला पिशवीच्या मास्कने मिनिटाला १५ लिटर द्यावा लागला, तर एक सिलिंडर पावणेआठ तास पुरतो. असे वीस रुग्ण असतील तर दिवसाला साठहून अधिक सिलिंडर लागतात, म्हणजे तासाला अडीच. नाकाद्वारे अतिवेगाने प्राणवायू देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढते; त्याने एका रुग्णाला शुद्ध प्राणवायू द्यायचा तर जम्बो सिलिंडर दोन तासही टिकत नाही. रिकाम्या सिलिंडरचे वजनच पन्नास किलोंच्या घरात असते. तो गाडीवरून उतरवणे, ढकलत नेणे, जोडणे, गळती तपासणे, दाब कमी होण्यापूर्वी दुसरा जोडणे ही कामे रात्रंदिवस करणाऱ्यांची नोंद कोणत्याच अहवालात ठळकपणे झाली नाही.

द्रवरूप प्राणवायूची टाकी असली की हा खटाटोप वाचतो. उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूप झालेल्या एका लिटरपासून साडेआठशे लिटरच्या आसपास वायू मिळतो आणि एका टनात साधारण शंभर जम्बो सिलिंडर बसतात. मात्र टाकी भरायला टँकर वेळेवर यावा लागतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्याची गरज राज्यातील उत्पादनापेक्षा बरीच वर गेली आणि कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला पाठवून भरून आणावे लागले. देशातील ती पहिली 'ऑक्सिजन एक्स्प्रेस'. टँकर पोहोचल्यानंतरही धोका संपत नाही, हे २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात दिसले. टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्णांचा मृत्यू झाला. तेथे खाटा होत्या, व्हेंटिलेटर होते, टाकीही भरली जात होती. दाब कमी होताच क्षणार्धात पर्यायी सिलिंडरवर जाण्याची व्यवस्था आणि ती चालवणारी माणसे तोकडी पडली. दोनच दिवसांनी विरार येथील खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून १५ रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात तसेच घडून ११ जणांचा बळी गेला. प्राणवायूने भारलेल्या खोलीत विजेचा ताण वाढला की ठिणगीही पुरते. वातानुकूलन यंत्रणा, वायरिंग, अग्निशमन ही फुप्फुसाच्या रुग्णाची काळजीच आहे, ती बांधकाम विभागाची बाब समजून चालत नाही.

दुसऱ्या लाटेनंतर ठिकठिकाणी हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प उभे राहिले. 'पीएम केअर्स' निधीतून देशभरात बाराशेहून अधिक प्रकल्प मंजूर झाले. धाराशिव जिल्ह्यात एका साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पातच प्राणवायू तयार करून दाखवला. साखरपट्ट्यात त्याची चर्चा झाली नसती तरच नवल. हे प्रकल्प उपयोगी आहेत, यात वाद नाही. पण मिनिटाला ५०० लिटर देणारा प्रकल्प मास्कवरील ३३ रुग्णांना पुरतो, तर अतिवेगाच्या यंत्रावरील आठच रुग्णांना. त्यातून मिळणारा प्राणवायू ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध असतो. त्याला अखंड वीज लागते, वीज गेली तर डिझेल जनित्र लागते, गाळण्या वेळेवर बदलाव्या लागतात. साथ नसताना तो रोज चालवला नाही तर नेमका साथीत चालत नाही. उद्घाटनाच्या फलकावर किती लिटर हे लिहिलेले असते. देखभालीचा वार्षिक करार संपल्याची तारीख कोणी लिहीत नाही.

मिरजेची वाट

इस्लामपूरच्या बाबतीत हा सारा प्रश्न भूगोलाशी येऊन मिळतो. मिरजेचे वैद्यकीय नाव जुने आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले, वान्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले, पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आजही सांगलीबरोबरच सांगोल्याचे, शिवाय अथणी-चिकोडीकडचे रुग्ण मिरजेची वाट धरतात. त्यामुळे वाळवा-शिराळ्यातील गंभीर रुग्णाला 'मिरजेला हलवा' असे सांगणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. ती चूक नाही. इस्लामपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी रुग्णालये आहेत. तरीही फुप्फुसे पूर्ण निकामी होऊ लागलेला प्रत्येक रुग्ण तालुक्यात ठेवता येणार नाही आणि ठेवूही नये.

मात्र हलवायचे तर वाटेतला तासभर रुग्ण जगला पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी व्हेंटिलेटरसह प्रगत उपकरणे असलेल्या २३३, म्हणजे चारांत एक. बाकीच्या गाड्यांत प्राणवायू असतो, पण नळी घातलेल्या रुग्णाला त्या पुऱ्या पडत नाहीत. निघण्यापूर्वी मिरजेत खाट राखून ठेवली आहे का, वाटेत लागेल त्याच्या दुप्पट प्राणवायू गाडीत आहे का, सोबत डॉक्टर आहे का, हे तपासणारी एक साधी यादी प्रत्येक तालुका रुग्णालयाच्या भिंतीवर असायला हवी. त्यासाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही.

शिवाय वाटेत कृष्णा आहे. इस्लामपूरहून आष्टा, सांगलीवाडी करीत सांगलीत शिरायचे तर नदी ओलांडावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. निम्मे शहर पाण्याखाली होते आणि महामार्गही कोल्हापूरजवळ शिरोली येथे कित्येक दिवस बंद राहिला. म्हणजे इस्लामपूरला सांगली-मिरज आणि कोल्हापूर हे दोन्ही दरवाजे एकाच वेळी मिटले. हा अनुभव ताजा असतानाच जुलै २०२१ मध्ये कृष्णेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, तीही जिल्ह्यात कोरोनाचे रुग्ण प्राणवायूवर असताना. महापूर आणि श्वसनाची साथ एकत्र येऊ शकतात, हे या भागापुरते तरी कल्पनेतले संकट उरलेले नाही. पावसाळा हाच फ्ल्यूचाही हंगाम असतो. स्वाइन फ्ल्यूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तो ३ ऑगस्ट २००९ रोजी.

अशा वेळी उघडा राहणारा दरवाजा उत्तरेला आहे. कराड इस्लामपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, पेठ नाक्यावरून महामार्गाने सरळ. कराडजवळ मलकापूर येथे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे आणि तेथवर जायला कृष्णा ओलांडावी लागत नाही. अडचण एवढीच की कराड सातारा जिल्ह्यात येते. रुग्ण पाठवण्याचे नियोजन, खाटांची आकडेवारी, प्राणवायूचा कोटा हे सारे जिल्हावार ठरते. साथीच्या काळात जिल्ह्याच्या सीमांवर पोलिसांच्या चौक्या होत्या आणि पलीकडच्या रुग्णालयातील खाटांची माहिती अलीकडच्या नियंत्रण कक्षाकडे असेलच, अशी खात्री नव्हती. सधन कुटुंबे स्वतःच्या ओळखीने कराड गाठू शकत होती. ज्यांची ओळख नव्हती त्यांना फोन कोणाला करायचा, हेही ठाऊक नव्हते.

खर्चाचा विषय यातूनच निघतो. खासगी रुग्णालयांचे दर राज्य सरकारने मे २०२० मध्ये बांधून दिले. व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचा दर दिवसाला ९ हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये शहरांची वर्गवारी करून लहान शहरे व ग्रामीण भागासाठी तो ५ हजार ४०० रुपयांवर आणण्यात आला. रुग्णांना दिलासा मिळाला. पण पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर काढायचे तर ही सवलतीतली रक्कमही ८१ हजारांवर जाते, त्यात महागडी औषधे वेगळी. आणि दर खाटेचा बांधला गेला. त्या खाटेमागे परिचारिका किती असाव्यात, याची अट दराला जोडली गेली नाही. त्यामुळे एका परिचारिकेवर आठ रुग्ण सोपवणाऱ्याला आणि दोन सोपवणाऱ्याला कायद्याने तोच दर.

घरी सोडल्यानंतरचा टप्पा तर हिशेबातच नाही. तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू गळून जातात. जिना चढताना धाप लागते, काहींना महिनोन्‌महिने घरी प्राणवायू लागतो. घरगुती ऑक्सिजन यंत्र विजेवर चालते, आणि ग्रामीण भागात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. श्वसनाचे व्यायाम शिकवणारा भौतिकोपचार तज्ज्ञ, स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर आटोक्यात ठेवणारा आहार सांगणारे कोणी तालुक्यात असेल तर रुग्णाला दर पंधरवड्याला मिरजेचे हेलपाटे घालावे लागणार नाहीत. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने जो तडाखा दिला, त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही प्रमुख कारणे सांगितली गेली. रोज साखर तपासणारी एक परिचारिका त्यातले काही डोळे वाचवू शकली असती.

इस्लामपूरसाठी करायच्या गोष्टी त्यामुळे फार मोठ्या नाहीत. उपजिल्हा रुग्णालयात चार ते सहा खाटांचा असा कक्ष, जेथे गंभीर रुग्णाला पहिले बारा तास सुरक्षित ठेवता येईल. त्याला पाळीनिहाय कायम परिचारिका, आणि त्यांना दर सहा महिन्यांनी आठवडाभर मिरजेच्या अतिदक्षता विभागात प्रत्यक्ष काम. प्राणवायूचा साठा लिटरांत न सांगता 'किती रुग्णांना किती तास' असा रोज फलकावर. बारमाही चालणारी दुरुस्तीची व्यवस्था. आणि पुराच्या दिवसांत वाळवा-शिराळ्याचे रुग्ण कराडला घेतले जातील, त्यांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागेल, असा सांगली आणि सातारा या दोन जिल्हा प्रशासनांतील लेखी समझोता. आयर्विन पुलाखालचे पाणी चढू लागल्यावर असे कागद तयार होत नाहीत. त्यावर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्या मे महिन्यातच व्हायला हव्यात.